फरशी धुतली, तिथेच घोळ झाला

जुन्या प्रयोगशाळेची इमारत मोकळी करून द्यायची होती. तळघरातल्या एका खोलीत बऱ्याच वर्षांपूर्वी सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाचं द्रावण सांडलेलं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, साधारण ३० वर्षं, त्यामुळे नुसती वाट बघून भागणार नव्हतं. आम्ही चौघं. मला वाटलं, आठवड्यात उरकेल. दोन महिने गेले.

कारण, सांडल्यावर कुणा शहाण्याने बादल्या ओतून फरशी धुतली होती. सीझियमचे क्षार पाण्यात चटकन विरघळतात. वरून फरशी चकाचक, आणि सगळी घाण सांध्यांतून खालच्या काँक्रीटमध्ये.

सुरुवातीला नुसतं मोजमाप. खडूने चौकोन आखायचे आणि प्रोब, म्हणजे मीटरचं किरणं टिपणारं टोक, जमिनीपासून सेंटीमीटरभर वर धरून मुंगीच्या चालीने सरकवायचा. टेकला तर प्रोबच बरबटतो. मग १०० चौरस सेंटीमीटर जागा कोरड्या कागदाने पुसून तो कागद मोजायचा. कागदावर आलं तर घाण सुटी आहे, पुसली की निघेल. कागद कोरा आणि प्रोब मात्र कडकडतोय, तर ती मुरलेली. आमच्या नशिबी बहुतेक हीच.

एका सकाळी चक्क बाहेरच्या बोळातले कागदही टिकटिकायला लागले. पोटात गोळाच आला. आमचे थोरले सहकारी शांतपणे म्हणाले, "संध्याकाळी परत मोज." संध्याकाळी जवळजवळ काही नाही! बंद तळघरात रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू साचतो, त्यापासून झालेले कण धुळीला चिकटतात आणि काही तासांत विरतात. सीझियम असं जात नाही.

पुसणं सोपं वाटतं, पण ओलसर फडकं स्वच्छ बाजूकडून घाणीकडे एकदाच ओढायचं, घडी बदलायची, उलटा हात फिरवायचा नाही. मुरलेल्यासाठी फरश्या उचलल्या आणि काँक्रीट दोन-तीन मिलीमीटर घासून पुन्हा मोजलं, पुन्हा घासलं. धूळ ओढणारा व्हॅक्यूम घासायच्या यंत्रालाच जोडलेला, तरी तोंडावर मास्क.

कपडे उतरवायला वेगळाच वेळ. सूट आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत खाली आणायचा, एकेक पाय रेघेपलीकडे, स्वच्छ बाजूला टाकायचा. एकदा माझ्या डाव्या गुडघ्यापाशी मीटर वाजला. घामाने सूट भिजला होता आणि मी गुडघ्यावर बसून काम केलं होतं. पॅंट पिशवीत गेली, गुडघा कोमट पाण्याने आणि साबणाने हलक्या हाताने धुतला. खसाखसा घासायचं नसतं, कातडी सोलली तर आत जायला वाटच मिळते.

बाहेर सांडपाण्याचा पाइप गळत होता. सीझियम चिकणमातीला घट्ट धरून बसतं, म्हणून २०११ नंतर फुकुशिमाच्या भागात बऱ्याच ठिकाणी वरची ५ सेंटीमीटरच्या आसपास माती खरवडून काढली. आमच्याकडे उलटं: वरची माती स्वच्छ, पाइपाखालची वाईट. खड्डा खोल गेला तसा मीटर चढायला लागला, तेव्हा मी घाबरलो. पण चारी बाजूंनी माती असली की तिची नैसर्गिक किरणंही जास्त लागतात. नमुने तपासल्यावरच खोदणं थांबवलं.

शेवटच्या फेरीत, सहज म्हणून, वरच्या मजल्यावरचं जिन्याखालचं कपाट उघडलं. आत पोछा. दांडा, चिंध्या, सगळं वाळून कडक झालेलं. प्रोब जवळ नेला आणि मीटरचा काटा पार टोकाला गेला.

पोछा ड्रममध्ये टाकला, आणि खडू घेऊन आम्ही त्या मजल्यावर चौकोन आखायला बसलो.