पुडीचा रकाना

रक्ताच्या स्लाइडवर लाल पेशींत निळे ठिपके दिसले तेव्हा मी आधी स्टेनवरच, म्हणजे स्लाइड रंगवायच्या रंगावरच, संशय घेतला. टेक्निशियनला म्हटलं, ताजं लीशमन घे आणि दुसरी स्लाइड कर. दुसरीवरही तेच. जाडसर, निळे, कुणी शाईचं पेन झटकल्यासारखे.

पेशंट ६८ वर्षांचे, निवृत्त इंजिनिअर. हिमोग्लोबिन ८.६. पोटात कळा येतात आणि पोट साफ होत नाही म्हणून कोलोनोस्कोपी झाली होती, त्यात काही नव्हतं. लोहाच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, उत्तम होतं. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाची तपासणीही नॉर्मल आली. मग उरतं ते शिसं. पेशीतला उरलासुरला आरएनए मोडणारं एन्झाइम शिसं बंद पाडतं आणि त्याचे ठिपके तसेच राहतात. मी त्यांच्या फिजिशियनना फोन केला. रक्तातलं शिसं ७४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर निघालं. अमेरिकेत शिशाच्या कारखान्यातला कामगार ६० वर गेला तर त्याला त्या कामावरून हलवावं लागतं, आणि या गृहस्थांची सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेलेली!

काका आले ते काकूंना आणि एक जाडजूड वही घेऊन. हिरड्या बघितल्या, तर दातांच्या मुळाशी निळसर-काळी रेघ, शिशाचीच खूण. "काही औषध, चूर्ण, भस्म घेता का?" असं विचारल्यावर वही उघडली.

"मॅडम, मी आंधळेपणानं काही घेत नाही. रसायन आहे. दीर्घायुष्याचं. तीन वर्षं स्वतःवर प्रयोग करतोय."

पट्टीनं आखलेले रकाने होते. पुडी, झोप, चालणं, बीपी, पोट, उत्साह (१० पैकी). अक्षर मोत्यासारखं. पुड्या एका ओळखीच्या वैदूकडून यायच्या, लेबल नाही, बिल नाही. भस्म पाण्यावर तरंगतं का, बोटांच्या रेषांत भरतं का, या जुन्या परीक्षा काकांनी घरी करून बघितल्या होत्या. पण त्या परीक्षांनी कळतो तो भस्माचा बारीकपणा. नागभस्म तर शिशाचंच करतात, ते कितीही बारीक झालं तरी शिसंच. २००८ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली, तर साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. म्हणून च्यवनप्राशाची बरणी फेकायचं कारण नाही, पण बिनलेबलची करडी पुडी ही वेगळी गोष्ट आहे.

मला नवल वाटलं ते पोटाच्या रकान्याचं. पहिल्या वर्षानंतर तिथे 'कळ', 'कळ', 'साफ नाही' अशी रांगच होती, आणि समोर उत्साह ८. मधे एक महिना काका मुलीकडे नाशिकला होते, पुड्या घरी राहिल्या होत्या. त्या महिन्यात कळा कमी झाल्या. शेरा होता: 'हवापालट मानवला.' सगळं कागदावर होतं, फक्त पुडीच्या रकान्यावर संशय घ्यायचा नाही हे आधीच ठरलेलं.

फिजिशियननी पुड्या बंद करून पेनिसिलामाइन हे शरीरातलं शिसं बाहेर काढणारं औषध सुरू केलं. आकडा भराभर उतरला, औषध थांबल्यावर पुन्हा थोडा चढला. काका चिडले, "आता तर काहीच घेत नाही!" हाडांत साठलेलं शिसं हळूहळू रक्तात उतरतं, त्याला वर्षानुवर्षं लागतात, हे त्यांना पटवताना माझा घसा बसला.

वही चाळताना शेवटी आणखी एक रकाना दिसला होता: 'सौ.' काकूंनाही रोज अर्धी पुडी दुधातून. उत्साह सात, कधी आठ. मी लगेच त्यांचं रक्त घेतलं. रिपोर्ट आला तो अगदी नॉर्मल. काकांचा चेहरा खुलला, "बघा, म्हणजे पुडीत दोष नाही!"

काकू पर्समध्ये रिपोर्ट ठेवत म्हणाल्या, "अहो, मी कशाला पितेय ते. पहिल्या दिवसापासून मोरीत ओततेय."

काकांनी वही पुढे ओढली, सात-आठचे ते आकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितले आणि मला विचारलं, "मग हिला उत्साह कशानं आला?"