कावीळ कुठली होती, दादा?

मी ब्लड बँकेत काउन्सेलर आहे. मागच्या गणपतीत कराडजवळच्या एका गावात मंडळाचं रक्तदान शिबिर होतं, तिथले दोघे भाऊ अजून डोक्यातून जात नाहीत.

थोरला मंडळाचा कार्यकर्ता, सगळी धावपळ त्याचीच, आधी चारदा रक्त दिलेलं. निळ्या कॉपर सल्फेटमधे त्याच्या रक्ताचा थेंब सरळ तळाला गेला म्हणजे हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, वजन बीपी पण ओके. फॉर्मवर कावीळसमोर 'नाही' होतं तरी मी सवयीनं तोंडी विचारलं, तर म्हणाला "झालेली की, बारावीत असताना, आईनं गावठी औषध देऊन उतरवली". रक्त तपासलेलं? नाही.

धाकट्याला दोन वर्षांपूर्वी पुण्यात होस्टेलला झालेली, मेसमधली बरीच पोरं पडली होती. पण त्याच्या मोबाईलमधे रिपोर्ट होता, हिपॅटायटीस ई, म्हणजे ई विषाणूची कावीळ. त्याला घेतलं, थोरल्याला नाही.

"मॅडम, त्याची कावीळ परवाची, माझी पंधरा वर्षांची, आणि त्याचं चालतं?"

मी त्याला बाजूला खुर्चीवर बसवलं. हिपॅटायटीस ए आणि ई दूषित पाण्यातून, खाण्यातून होते, बरं झाल्यावर १२ महिने थांबलं की रक्त देता येतं. बी आणि सी रक्तातून पसरते, काही त्रास न देता वर्षानुवर्षं अंगात राहू शकते, म्हणून तिथं कायमचं बंद. आणि कुठली होती हेच माहीत नसेल तरी कायमचं बंद, २०१७ च्या राष्ट्रीय नियमात तसंच आहे.

"पण तुम्ही पिशवी तपासता ना?" तपासतोच, प्रत्येक, पण कधीकधी विषाणू इतका कमी असतो की टेस्टला सापडत नाही, आणि एकाच पिशवीतल्या लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट तीन वेगळ्या पेशंटना जाऊ शकतात. थॅलेसेमियाची पोरं, ज्यांच्या अंगात जन्मापासूनच पुरेसं रक्त बनत नाही, ती दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवायला येतात, टोचून टोचून त्यांच्या हाताला शीर सापडत नाही, मला तेच हात दिसत होते.

तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "मग माझ्या आधीच्या चार पिशव्या?" त्या तपासूनच गेल्या असणार हे सांगितलं, पण तारखा लिहून घेतल्या, आमच्या डॉक्टरांच्या कानावर घातलं आणि त्याला म्हटलं दादा, स्वतःसाठी बी-सी ची टेस्ट नक्की करून घ्या.

तो उठून गेला, मला वाटलं रागावला. पाचेक मिनिटात मांडवातल्या माईकवरून त्याचाच आवाज, "कुणाला कधीपण कावीळ झाली असंल, लहानपणी का असंना, गावठी औषधानं गेली असंल तरी मॅडमना सांगा, लाजू नका".

रांगेतून तिघं माझ्या टेबलाकडं आले.