पात्राला कोण काय म्हणून हाक मारतो

रोल-प्लेइंग खेळासाठी, म्हणजे ज्यात प्रत्येक खेळाडू एका कल्पित पात्राची भूमिका वठवतो अशा खेळासाठी, नवे पात्र घडवताना आपण त्याच्या नावावर पुष्कळ विचार करतो. मात्र त्या नावाने त्याला कोण हाक मारील, कोण वेगळ्याच नावाने बोलावील आणि तसे बोलावण्याचा अधिकार कोणाला नसेल, हे ठरवायचे बहुधा राहून जाते. पात्राची नाती उभी राहतात ती याच ठिकाणी, असे माझे ठाम मत आहे.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अशाच एका खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे खेळाडूंसाठीचे नियमपुस्तक 2014 मध्ये आले. त्यात पात्रांच्या जवळपास प्रत्येक कल्पित वंशाच्या नावांची यादी आहे, पण यादीआधी सांगितलेल्या रीती मला अधिक मोलाच्या वाटतात. ड्वार्फला, म्हणजे बुटक्या, दणकट वंशातल्या पात्राला, नाव देतो कुळातला वडीलधारा, आणि ते नाव त्याचे एकट्याचे नसून कुळाचे असते. ज्याने त्याला काळिमा लावला, त्याच्याकडून ते काढून घेतले जाते आणि त्याजागी दुसरे कोणतेही ड्वार्फ नाव लावण्यास त्याला कायद्याने मनाई असते. अशा ड्वार्फला त्याच्या जुन्या सोबत्याने चारचौघांत काय म्हणावे, एवढ्या एका प्रश्नावर अख्खे सत्र रंगू शकते. नोम या आणखी एका छोट्या चणीच्या वंशातल्या पात्राला तर आई, वडील, मावश्या, मामा असे सगळेच एकेक नाव देतात.

मला सर्वांत आवडते ती एल्फ या दीर्घायुषी वंशाची रीत. शंभरी उलटल्यावर केव्हातरी एल्फ स्वतःला प्रौढ जाहीर करतो व नवे नाव निवडतो, तरी त्याला लहानपणापासून ओळखणारे जुन्याच नावाने हाक मारत राहू शकतात. समजा, वेरांदिएल नावाची एल्फ सेनापती तहाच्या बोलण्यांसाठी दरबारात आली आहे, सगळे तिच्याशी अदबीने बोलत आहेत आणि शत्रुपक्षाचा वृद्ध राजदूत तिला म्हणतो, "ये इली, बस." त्याने आपली जुनी ओळख सर्वांसमोर मांडली, ती मायेने की तिचा मान उतरवण्यासाठी, हे खेळ चालवणाऱ्याने सांगूच नये. ती "बसते, काका" म्हणाली तर तहाची वाट एक, आणि "राजदूत, आधी आपण बसावे" म्हणाली तर दुसरी.

म्हणूनच लाडके नाव खेळाडूने घरून ठरवून आणू नये. ते दुसऱ्या पात्राने खेळताखेळता द्यावे, आणि पहिल्याने ते स्वीकारावे किंवा झिडकारावे. मराठीतून खेळताना अहोजाहोवरून अरेतुरेवर येण्याचा क्षणही असाच राखून ठेवावा, कारण पहिल्याच सत्रात सगळे एकमेकांना अरेतुरे करू लागले, तर पुढे जवळीक दाखवायला भाषेत जागाच उरत नाही. कॅरेक्टर शीटच्या, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदाच्या, मागे आरंभी तीनच गोष्टी लिहाव्यात: परके काय म्हणतात, घरचे काय म्हणतात आणि कोणते नाव ऐकताच पात्राचा हात तलवारीकडे जातो.