इंदूरचं तुकोगंज ठाणं आणि आमची परभणी

पोहे-जिलबी खाल्ली, सराफ्याचा रात्रीचा खाऊबाजारही झाला. त्यावर इतकं लिहून झालंय की मी हात आवरते. परभणीहून इंदूरला निघाले तेव्हा माझ्या यादीत वरचं नाव होतं तुकोगंज पोलीस ठाण्याचं. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आत्यानं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, लोक राजवाडा बघायला येतात!"

या ठाण्यात मूकबधिरांसाठी सहायता केंद्र सुरू झालं, ते इथल्याच आनंद सर्व्हिस सोसायटीच्या धडपडीतून. नावातला आनंद म्हणजे ज्ञानेंद्र पुरोहित यांचा कर्णबधिर थोरला भाऊ. तो गेल्यानंतर ज्ञानेंद्र आणि त्यांच्या पत्नी मोनिका यांनी या कामाला वाहून घेतलं. अपंगांची संस्था म्हटली की आपल्याला वसतिगृह आणि वाढदिवसाचं फळवाटप आठवतं. इथे कामाचा गाभा खाणाखुणांची भाषा जाणणाऱ्या दुभाष्याचा आहे. ज्याला ऐकू येत नाही, लिहिताही येत नाही, त्यानं तक्रार द्यायची कशी? लैंगिक अत्याचाराची तक्रार करणारी स्त्री अपंग असेल, तर दुभाषी किंवा विशेष शिक्षकासमोर तिचा जबाब घ्यायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं, हे कायद्यात आलं 2013 साली. कायदा झाला, पण गावोगावच्या ठाण्यांना दुभाषी मिळणार कुठून? मला तर देणगीपेक्षा ही गरज मोठी वाटते.

आता परभणीचं. लहानपणी चुकून पाकिस्तानात पोचलेली मूकबधिर गीता आठवते? कराचीत ईधी फाउंडेशन या सेवाभावी संस्थेनं तिला सांभाळलं. 26 ऑक्टोबर 2015 ला ती भारतात परतली आणि इंदूरच्या एका संस्थेत राहिली. मुलगी आपलीच म्हणत कितीतरी जोडपी आली, पण डीएनए काही जुळेना. 2020 मध्ये ती पुरोहितांच्या संस्थेकडे आली. खाणाखुणांनी तिनं सांगितलेल्या आठवणी म्हणजे रेल्वे स्टेशन, जवळ नदी, देऊळ, उसाची शेतं. एवढ्यावर गाव शोधायचं! मनात म्हटलं, अशी गावं आमच्या गोदाकाठी पैशाला पासरी. पण माणसं तिला घेऊन गाडीनं निघाली, नांदेड, तेलंगणातलं बासर असं फिरली. नांदेडहून पाकिस्तानच्या सीमेजवळच्या अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस परभणीवरूनच जाते, हेही ध्यानात घ्या. अखेर 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या एका बाईंनी ही आपलीच हरवलेली मुलगी राधा असं सांगितलं. शोधात परभणीची पहल ही संस्थाही होती. ती आमच्याच गावात, आणि मला तिचं नाव इंदूरच्या बातम्यांतून कळावं!

आत्याला मात्र पुढचंच जास्त ठाऊक. 2024 मध्ये गीता आठवी पास झाली, हे तिनं मला पोळ्या लाटता लाटता सांगितलं, वर म्हणाली, "आता तिला सरकारी नोकरी हवीय. द्यायलाच हवी की!"