गुंठ्यातल्या दोन पट्ट्या

लग्नामुळं नववीतच सुटलेली शाळा मी बत्तिसाव्या वर्षी दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरून पुन्हा धरली. बाकीचे विषय निभत होते. बीजगणितात मात्र (अ + ब)² पाशीच अडले. सूत्र तोंडपाठ, तरी लिहिताना हात अ² + ब² वरच थांबायचा. मधलं २अब दर वेळी राहून जायचं.

दिवाळीला परभणीकडं माहेरी गेले, तेव्हा दादा सोयाबीन निघालेल्या रानात भावाच्या घरासाठी गुंठाभर जागा आखत होते. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. मी ३३ ची ३० + ३ अशी फोड केली. ९०० आणि ९, झाले ९०९.

दादा म्हणाले, "गुंठा १०८९ फुटांचा असतो बाई. बाकीची जागा कुणाला सोडलीस?"

त्यांनी दोरी लावून आधी ३० फुटांचा चौकोन आखला. मग पूर्वेला ३ फूट रुंद पट्टी, दक्षिणेला तशीच दुसरी, आणि कोपऱ्यात ३ बाय ३ चा तुकडा. एकेक पट्टी ९० फुटांची, दोन मिळून १८०. नेमकी तेवढीच जागा माझ्या वहीत नव्हती! त्या पट्ट्यांवरून मी चालून आले. त्यानंतर २अब कधी सुटलं नाही.

वजाबाकीचं कोडंही तिथंच उलगडलं. मोठ्या चौकोनातून दोन्ही पट्ट्या पूर्ण लांबीच्या वजा केल्या, की कोपरा दोनदा जातो. म्हणून (अ − ब)² मध्येही शेवटी ब² मिळवायचाच.

अवयव पाडणं त्याहून अवघड गेलं. क्ष² + १०क्ष + २५ सरळ होतं. ५क्ष च्या दोन पट्ट्या, म्हणून (क्ष + ५)². पण क्ष² + १०क्ष + १६ ची दोन्ही टोकं वर्ग दिसली आणि मी (क्ष + ४)² लिहून टाकलं. ४क्ष च्या दोन पट्ट्या ८क्ष च होतात. खरे अवयव (क्ष + २)(क्ष + ८). आता टोकं पाहून झाली तरी मधलं पद जुळल्याशिवाय मी कंस लिहीत नाही.

वर्गसमीकरणं आली तेव्हा क्ष² + ६क्ष = १६ समोर होतं. ६क्ष च्या दोन पट्ट्या केल्या, ३क्ष आणि ३क्ष. कोपरा रिकामा होता. दोन्हीकडं ९ मिळवले, (क्ष + ३)² = २५ झालं, क्ष = २ किंवा −८.

रात्रीच दादांना फोन लावला. म्हटलं, "दादा, आज कोपरा मी भरला."