रिपोर्टवरची तारीख

मे महिन्यात अण्णांना तीन दिवस जुलाब झाले, मग ताप आणि डाव्या बाजूला पोटदुखी. सोनोग्राफीत गॅसमुळे नीट दिसेना. आतड्यालगत पू झालाय का हे बघायला डॉक्टरांनी डाय, म्हणजे आतलं ठळक दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध, देऊन सीटी स्कॅन सांगितला.

फॉर्मवर ‘किडनीचा त्रास?’ याच्यासमोर मी ‘नाही’ लिहिलं. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात वाढणाऱ्या घटकाचा, रिपोर्ट जोडला होता, १.१. टेक्निशियननं कागद उजेडात धरला. “ताई, हा फेब्रुवारीचा आहे. आजचं रक्त लागेल.” अण्णा कण्हत होते, मला रागच आला. दोन तासांनी आकडा आला, २.४.

मग मी हटूनच बसले, डाय नकोच. डायनं किडनी जाते हे इतक्यांकडून ऐकलं होतं. किडनीच्या डॉक्टरांनी मला बसवून घेतलं. पूर्वी वाटायचं तेवढा धोका आता मानत नाहीत, म्हणाले, पण ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, ३०च्या खाली असेल किंवा किडनीला नुकताच मार बसला असेल तर जपावंच लागतं. अण्णांचा ईजीएफआर कागदावर २९ होता. क्रिएटिनिन चढतं असताना तो आकडाही फसवा असतो. किडनीचं खरं काम त्याहून कमी असू शकतं. जिवावर बेतलं असतं तर असेच आत नेले असते. पण बीपी ठीक होतं, अँटिबायोटिक सुरू झालं होतं, एक दिवस थांबता येणार होतं.

“गोळ्या कोणत्या चालू आहेत?” मधुमेहाची मेटफॉर्मिन, आणि गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक. जुलाब चालू असताना ही दुखण्याची गोळी मीच देत होते, सकाळ-संध्याकाळ. अंगातलं पाणी आधीच गेलेलं, त्यात किडनीवर ताण आणणारी ही गोळी. अजूनही ते आठवलं की पोटात कालवतं. दोन्ही बंद केल्या. मेटफॉर्मिन किडनी बिघडवत नाही. किडनी मंदावली तर ती अंगात साठते आणि रक्तात आम्ल वाढू शकतं.

रात्रभर सलाईन. भाऊ दर वेळी लघवी मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहायचा. सकाळी क्रिएटिनिन १.८ झालं आणि अण्णांना आत नेलं. “अंगातून गरम लाट गेली, वाटलं कपड्यातच झाली,” बाहेर आल्यावर म्हणाले. पू होताच, नळी घालून काढला.

अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा रक्त घेतलं. १.५. मेटफॉर्मिन त्यानंतरच सुरू झाली. डायक्लोफेनॅकची पट्टी मी डब्यातून काढली. गुडघे आता रोज रात्री गरम पाण्याच्या पिशवीनं शेकते.