इंजिन अडखळतंय? मोटरला हात सगळ्यात शेवटी

‘इंजिन अडखळत चालतं, मधेच थांबतं, बोटाने जरा ढकललं की पुन्हा निघतं. मोटर गेली का? नवी घेऊ का?’ मॉडेल रेल्वेचा छंद असलेल्यांकडून हा प्रश्न सतत येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सगळं नीट सांगतो. एचओ आणि ओओ या मापांची, म्हणजे १६.५ मिमी गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), १२ व्होल्ट डीसीवर चालणारी इंजिनं धरून लिहितोय. ९ मिमीच्या एन गेजलाही हेच लागू पडतं, फक्त हात आणखी हलका ठेवावा लागतो.

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. बहुतेक इंजिनांत मोटरच्या दांड्यावर वर्म, म्हणजे स्क्रूसारखा आटे असलेला गिअर, असतो आणि तो खालचा गिअर फिरवतो. उलटं होत नाही. चाक फिरवून वर्म फिरत नाही. त्यामुळे तुम्ही इंजिन ढकललंत तेव्हा मोटर होती तिथेच राहिली, चाकं तेवढी रुळावरून दोन-तीन मिलिमीटर घासत सरकली. एवढ्यावर ते निघालं, म्हणजे बहुधा वीज मोटरपर्यंत पोचत नव्हती आणि आता पोचली. मोटर ठीक आहे, वाट बिघडली आहे.

खात्री करायची असेल तर वरची बॉडी काढा आणि ९ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन वायरी थेट मोटरच्या दोन टोकांना लावा. आत डीसीसी डिकोडर (डिजिटल कंट्रोलची छोटी सर्किट पट्टी) असेल तर मोटरच्या वायरी आधी त्याच्यापासून सोडवा, नाहीतर बाहेरून दिलेल्या विजेने डिकोडर जळू शकतो. मोटर एकसारखी फिरली तर तिला विसरा आणि रुळाकडे या.

सगळी इंजिनं एकाच जागी थांबतात का, हे आधी बघा. तसं असेल तर दोष रुळाचा. एकच इंजिन सगळीकडे थांबत असेल तर दोष इंजिनाचा. ही साधी तपासणी न करता लोक इंजिन खोलून बसतात, म्हणून आवर्जून सांगतोय.

रुळाच्या बाबतीत बहुतेक वेळा गुन्हेगार असते ती फिशप्लेट, म्हणजे रुळाचे दोन तुकडे जोडणारी धातूची पट्टी. ती रूळ सरळ रेषेत धरून ठेवते, पण वीज पुढे नेण्यासाठी तिच्यावर विसंबू नये. वर्ष-दोन वर्षांत आतून ऑक्साइड धरतं, पकड सैल होते, आणि खडी चिकटवताना पातळ गोंद आत शिरला असेल तर मग विचारूच नका. उपाय एकच: रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची बारीक फीडर (वीज आणून देणारी) वायर आणि टेबलाखालून जाणारी जाड मुख्य वायर. सोल्डर करताना रूळ आधी घासून चकचकीत करा, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा पदार्थ) लावा, सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांच्या आसपास ठेवा आणि दोन-तीन सेकंदांत काम संपवा. जास्त वेळ टेकवलंत तर प्लास्टिकचे स्लीपर वितळून गेज बिघडतं. जागेच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले की उष्णता पुढे जात नाही. सगळेच सांधे मात्र सोल्डर करून टाकू नका. निकेल सिल्व्हरचा एक मीटर रूळ २० अंशांच्या फरकाने साधारण ०.३ मिमी वाढतो, आणि खालचं लाकूड दमट हवेत त्याहून जास्त हलतं. सरळ भागात अधूनमधून अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवली नाही तर रूळ बाजूला फुगतो.

पॉइंटवरच, म्हणजे रूळ दोन वाटांत फुटतो तिथेच, थांबत असेल तर हलणाऱ्या जिभा (वाट बदलणारे निमुळते रूळ) तपासा. अनेक पॉइंटमध्ये जिभेला वीज मिळते ती बाजूच्या रुळाला टेकूनच. मध्ये खडीचा एक कण किंवा रंगाचा थर आला की जीभ मृत. त्यावर कायमचा इलाज म्हणजे जीभ आणि तिच्या बाजूचा रूळ यांना खालून बारीक लवचीक वायरने जोडणं. फक्त तुमच्या पॉइंटमध्ये दोन्ही जिभा क्रॉसिंगला (दोन वाटांचे रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेला) विजेने जोडलेल्या नाहीत, हे मल्टिमीटरने आधी बघून घ्या. जोडलेल्या असतील तर शॉर्ट होईल.

रूळ पुसायला लिंट न सोडणारं सुती कापड एका छोट्या लाकडी ठोकळ्याला गुंडाळा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर करा. सँडपेपर नको. त्याने रूळ त्या दिवशी चमकतो, पण पडलेल्या ओरखड्यांत काळा मळ जास्त लवकर आणि जास्त घट्ट बसतो.

आता चाकं. टिश्यू पेपरची पट्टी रुळांवर आडवी टाका, तिच्यावर अल्कोहोलचे चार-पाच थेंब सोडा. इंजिनाची एका टोकाची चाकं पट्टीवर, दुसऱ्या टोकाची उघड्या रुळावर अशी ठेवून इंजिन हाताने धरा आणि अर्ध्या वेगाने फिरवा. दहा सेकंदांत कागदावर दोन काळ्या रेघा उमटतील. पट्टी सरकवून, रेघा उमटणं थांबेपर्यंत करा, मग इंजिनाची दिशा बदलून दुसरं टोक. ज्या चाकांवर रबरी टायर आहेत ती मात्र यातून वगळा, रबर फुगून सैल पडतं. त्यांना कोरडं कापड पुरे. टायर चकाकायला लागला किंवा त्याला चिरा दिसल्या तर बदलायचाच.

चाकाच्या पाठीला टेकून वीज उचलणाऱ्या फॉस्फर ब्राँझच्या पट्ट्या हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. इंजिन फोमवर उलटं ठेवा आणि प्रत्येक अॅक्सल बोटाने डावीकडे-उजवीकडे सरकवून बघा. चाक पूर्ण बाहेर गेलं तरी पट्टी टेकलेली दिसली पाहिजे. सुटत असेल तर चिमट्याने, पट्टीच्या मुळाशी, किंचित वाकवा, टोकाशी नाही. दाब नुसता जाणवेल इतकाच हवा. जास्त दाबलंत तर ब्रेक लागल्यासारखं होऊन पुढची चाकं फिरण्याऐवजी घसरतात. याच वेळी चाकांच्या पाठींमधलं अंतरही मोजून घ्या: एचओमध्ये सुमारे १४.४ मिमी, ओओमध्ये १४.५ मिमी. पॉइंटवर उडी मारणाऱ्या इंजिनाचं हे अंतर बहुतेक वेळा कमी भरतं.

वाफेच्या इंजिनाची चाकं अॅक्सलवरून काढायची वेळ आली तर दोन्ही बाजूंच्या क्रँकमधला (चाकावर दांडा जिथे जोडतात त्या खिळ्यांमधला) ९० अंशांचा कोन प्रत्येक अॅक्सलवर तंतोतंत सारखा ठेवा. तो चुकला की दांडे अडकतात आणि इंजिन दर फेऱ्याला लंगडतं. डिझेल इंजिन चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ करत असेल तर अॅक्सलवरचा प्लास्टिकचा गिअर भिंगाखाली बघा. धातूच्या अॅक्सलवर घट्ट बसलेलं प्लास्टिक वर्षांनी आकसतं आणि दोन दातांच्या मध्ये केसाएवढी चीर पडते. तिथे गोंद टिकत नाही, नवा गिअर लागतो.

इतकं करूनही अडखळत असेल तरच मोटर. पूर्ण बंद डब्यातली कॅन मोटर खोलू नका. ब्रश (फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे तुकडे) बाहेरून निघत असतील तर पारदर्शक पिशवीत हात घालून काढा, कारण स्प्रिंग उडाली की सापडत नाही. आत कम्यूटेटर दिसेल: तांब्याचे तीन किंवा पाच तुकडे, मध्ये बारीक खाचा. तांबं तपकिरी असायला हरकत नाही, पण खाचा काळ्या दिसल्या तर तिथे कार्बनची भुकटी आणि तेल यांचा लगदा बसलाय आणि शेजारच्या दोन तुकड्यांत वीज गळतेय. टोकदार लाकडी काडीने खाच कोरा, अल्कोहोल लावलेल्या इअरबडने तांबं पुसा. सुईने कोरलंत तर तांब्याचा काठ वर येतो आणि नवे ब्रश महिन्याभरात झिजतात. मग मल्टिमीटरने तुकड्यांच्या जोड्यांमधला रोध मोजा. तीन तुकड्यांच्या मोटरला तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एक बराच जास्त आला तर तिथली गुंडाळी तुटली आहे. जुन्या उघड्या मोटरचा आर्मेचर (गुंडाळ्या असलेला फिरता भाग) मात्र चुंबकातून सहज म्हणून काढू नका. अल्निको या मिश्रधातूचा चुंबक आर्मेचर काढल्यावर, मधली जागा लोखंडाने भरली नाही, तर कमजोर होतो. तशी मोटर रिकामी असताना उलट जास्त जोरात फिरते, जास्त करंट घेते, लवकर तापते आणि गाडी ओढत नाही.

तेलाचं प्रमाण सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण कमी तेलाने बिघडलेल्या इंजिनांपेक्षा जास्त तेलाने बिघडलेली कितीतरी जास्त असतात. प्लास्टिकला चालणारं पातळ सिंथेटिक तेल सुईच्या टोकावर येईल तेवढं, मोटरच्या दोन्ही बेअरिंगना आणि अॅक्सलच्या टोकांना. वर्मला ज्वारीच्या दाण्याच्या चौथ्या भागाएवढं प्लास्टिकला चालणारं ग्रीस. गंज सोडवायचे स्प्रे अजिबात नकोत. ते उडून जातात आणि मागे चिकट थर ठेवतात.

आणि खरोखरच मोटर बदलावी लागली तर लांबी-रुंदीइतकाच दांड्याचा व्यास जुळवा, १.५ आणि २ मिमी हे दोन नेहमी भेटतात आणि वर्मचं भोक त्यालाच बसलं पाहिजे. बसवताना वर्म आणि गिअर यांच्यामध्ये पातळ कागदाची पट्टी ठेवा, मोटर खाली दाबून स्क्रू आवळा, मग गिअर फिरवत पट्टी काढून घ्या. कागदावर दातांचे ठसे हवेत, पण तो फाटलेला नको. फाटला तर मोटर किंचित वर उचला. त्यानंतर डबे न जोडता अर्ध्या वेगाने अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे चालवा, म्हणजे नवे ब्रश कम्यूटेटरच्या गोलाईला बसतील. डबे त्यानंतर जोडा.